‘मॅच होत नाही’च्या पलीकडे : न जुळणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजी शब्द कसे निवडायचे

संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाऊजपीस साडीवर अंथरून बाई मान हलवते, “नाही हो, मॅच होत नाही.” बँकेतला क्लार्क चेक परत सरकवतो, “सही मॅच होत नाही.” सेतू केंद्रावरचा पोरगा स्क्रीनकडं बघत म्हणतो, “आधारवरचं नाव टीसीशी मॅच होत नाही.” आणि स्थळ बघून आलेले मामा पत्रिकेची घडी घालता घालता तेच म्हणतात. मराठीत या एका उसन्या क्रियापदावर सगळा कारभार भागतो. इंग्रजीत साडीपुरतं मॅच ठीक आहे, पण सहीला, नावाला आणि पत्रिकेला ज्याचे त्याचे शब्द आहेत.

मराठी माध्यमातून शिकून संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या अभ्यासिकांत बसलेल्या, किंवा नुकतीच नोकरी लागून इंग्रजी ईमेल लिहायची वेळ आलेल्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. समानार्थी शब्दांच्या पुस्तकात इन्काँग्रुअस, डिस्कॉर्डंट, इन्कन्सिस्टंट, इन्कम्पॅटिबल हे सगळे एका ओळीत ‘विसंगत’ म्हणून छापलेले असतात. ती ओळ पाठ केली की परीक्षेतला एखादा गुण मिळतो, वाक्य मात्र जमत नाही. म्हणून पाठांतर बाजूला ठेवा आणि पुढच्या पायऱ्यांनी चला.

पायरी पहिली : आधी जोडी शोधा

कुठलीही वस्तू एकटी विसंगत नसते. डीजे वरातीत कुणाला खटकत नाही, तोच दवाखान्यासमोर खटकतो. तेव्हा इंग्रजी शब्द आठवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : कशाचं कशाशी जमत नाही? दोन्ही बाजू कागदावर लिहा. एक बाजू लिहिता येत नसेल तर तुम्हाला बहुधा विसंगत म्हणायचंच नाही, तुम्हाला नुसतं वाईट, विचित्र किंवा कुरूप म्हणायचं आहे. त्याला बॅड, स्ट्रेंज, अग्ली हे साधे शब्द पुरेसे आहेत.

जोडी सापडली की अर्धं व्याकरण आपोआप सुटतं. मराठीत आपण ‘-शी’ लावतो : भिंतीशी जुळत नाही, वागण्याशी विसंगत. इंग्रजीत जवळजवळ सगळीकडं तिथं ‘विथ’ येतं. क्लॅश विथ, इन्काँग्रुअस विथ, इन्कन्सिस्टंट विथ, इन्कम्पॅटिबल विथ, ॲट ऑड्स विथ, आउट ऑफ कीपिंग विथ. आपल्याकडची मुलं इथं हमखास ‘टू’ घालतात. ‘टू’ लागणारेही काही आहेत, पण ते वेगळ्या घरातले : अनसूटेड टू, काँट्ररी टू, एलियन टू. डिस्क्रेपन्सीला, म्हणजे तफावतीला, मात्र ‘बिटवीन’ लागतं, कारण त्या शब्दात दोन्ही बाजू एका पातळीवर उभ्या असतात.

आणि जोडी शोधताना एक सावधगिरी. वेगळं असणं म्हणजे न जुळणं नव्हे. पैठणीच बघा. अंग हिरवं, काठ जांभळे किंवा लाल, पदरावर जरीचे मोर. हिरव्या-लालाची ही गाठ कपड्याच्या दुसऱ्या कुठल्या दुकानात कुणी सुचवली असती तर लोक हसले असते. पैठणीत ती मुद्दाम घातलेली असते, आणि दुकानदार तिला बरोबर ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतो. कॉन्ट्रास्ट म्हणजे फरक दिसतो आणि त्यातून शोभा येते. क्लॅश म्हणजे फरक दिसतो आणि डोळ्याला टोचतो. वेरूळलाही हेच. चौतीस लेण्यांतली पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू, शेवटची पाच जैन, सगळी एकाच डोंगरकड्यात ओळीनं. तीन धर्मांची लेणी शेजारीशेजारी आहेत म्हणून त्यांना इन्काँग्रुअस म्हणाल तर चुकाल. तिथं डायव्हर्स म्हणा, फार तर डिस्परेट म्हणा. मुळातच वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टींना डिस्परेट म्हणतात, आणि त्यात तक्रार असतेच असं नाही.

पायरी दुसरी : विशेषणाआधी क्रियापद

मराठी माणूस विसंगती सांगताना विशेषण क्वचितच वापरतो. ‘हे विसंगत आहे’ असं घरात कोण म्हणतं? आपण म्हणतो खटकतं, शोभत नाही, जमत नाही, मेळ बसत नाही, डोळ्यात खुपतं, मानवत नाही. सगळी क्रियापदं. बोलीतल्या इंग्रजीचंही तसंच आहे, पण आपण शब्दसंग्रह पुस्तकातून शिकतो म्हणून तोंडात आधी मोठं विशेषण येतं. ते गिळा आणि क्रियापद शोधा.

कपड्यांच्या दुकानात चार क्रियापदं लागतात. धिस शर्ट डझन्ट फिट मी, म्हणजे मापात बसत नाही, घट्ट किंवा ढगळ आहे. इट डझन्ट सूट मी, म्हणजे माप ठीक आहे, पण मला शोभत नाही. इट डझन्ट मॅच द ट्राउझर्स, म्हणजे पँटच्या रंगाशी मिळत नाही. इट डझन्ट गो विथ द ट्राउझर्स, म्हणजे रंग सोडा, एकूणच त्या पँटवर ते चालणार नाही. फिट मापाचं, सूट माणसाचं, मॅच आणि गो विथ वस्तूवस्तूंचं. ‘मला हा रंग फिट होत नाही’ अशा अर्थाची वाक्यं इंग्रजीत ऐकली की समजायचं, बोलणारा मराठीतून थेट आला आहे.

‘होस्टेलचं जेवण सूट झालं नाही’ हे आपण रोज म्हणतो. इंग्रजीत त्याला द फूड डिडन्ट ॲग्री विथ मी असं म्हणतात. पोटाचं आणि अन्नाचं एकमत झालं नाही. आपल्या ‘मानवलं नाही’ला यापेक्षा जवळचं काही मिळणार नाही.

क्लॅश हे क्रियापद तर खिशात ठेवण्यासारखं आहे. रंग क्लॅश होतात, स्वभाव क्लॅश होतात आणि तारखाही. परीक्षार्थींना सगळ्यात जास्त हेच लागतं : द टू एक्झाम्स क्लॅश. किंवा, द इंटरव्ह्यू क्लॅशेस विथ माय युनिव्हर्सिटी एक्झाम. मुलाखतीची तारीख बदलून मागताना ‘इन्कम्पॅटिबल डेट्स’ असलं काही लिहू नका, एवढं एक वाक्य पुरतं. बातम्यांत मात्र क्लॅशेस असं अनेकवचनात दिसलं तर ती हाणामारी असते, वेळापत्रक नव्हे.

जार हेही कामाचं. एखादी गोष्ट सगळ्यात मिसळता मिसळता मध्येच खटकते, तेव्हा इट जार्स. बरणीच्या जारशी या क्रियापदाचं नातं नाही. बरणीचा जार अरबीतून आला आहे. क्रियापदापासून झालेलं जारिंग हे विशेषण आपल्या ‘खटकणारं’च्या अगदी शेजारी बसतं. शोकसभेत कुणी विनोद केला, तर द जोक वॉज जारिंग.

पायरी तिसरी : खटकतंय कुठं ते ठरवा

डोळ्याला, कानाला, काळाला, कागदाला की माणसाला? या एका प्रश्नावर शब्दाचं घर ठरतं.

डोळ्याची घरं पटकन बघू. साधा शब्द लाउड : अ लाउड शर्ट म्हणजे भडक शर्ट. रंग इतका भडक की बघवत नाही, तर गेअरिश. नटवानटवी जास्त आणि त्यात स्वस्त झगमगाट, तर गॉडी (उच्चार गॉडीच, गौडी नाही). अभिरुची हलकी वाटली तर टॅकी. याच शब्दाचा दुसरा अर्थ अर्धवट वाळलेल्या रंगासारखं चिकट असा आहे. सुंदर परिसरात एखादी बांधणी किंवा फलक डोळ्यात खुपत असेल तर तो ॲन आयसोअर. बीबी का मकबऱ्याच्या वाटेवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचं फ्लेक्स लागलं, तर त्याला हा शब्द. आयसोअर नाम आहे, त्याचा डोळे येण्याशी संबंध नाही. साथ आली की मुलं ‘आय हॅव आयसोअर’ लिहून सुटीचा अर्ज देतात. तसं लिहू नये.

कानाच्या घरात मजा आहे. डिस्कॉर्डच्या मुळाशी लॅटिनमधलं हृदय आहे, म्हणजे मनं न जुळणं. म्हणून डिस्कॉर्डंट हा शब्द सुरांनाही चालतो आणि भांडणाऱ्या माणसांनाही. ‘स्ट्राइक अ डिस्कॉर्डंट नोट’ हा ठरलेला वाक्प्रयोग : सगळे एका सुरात बोलत असताना एकानं वेगळा सूर लावला. ग्रामसभेत ठराव मंजूर होत आला आणि मागून एकानं हिशोब मागितला, की बातमीदार हेच लिहील. डिसोनन्स, म्हणजे बेसूरपणा, हा शब्द जरा शास्त्रीय. मानसशास्त्रात लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडलेला कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा सिद्धांत याच शब्दावर उभा आहे. मनातल्या दोन समजुती, किंवा समजूत आणि वागणं, एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा होणारी अस्वस्थता असा त्याचा अर्थ. विसर्जन मिरवणुकीत दोन डीजे समोरासमोर आले, तर तिथं डिसोनन्सची नाजूक तक्रार पुरत नाही. त्याला सरळ कॅकॉफनी, म्हणजे कर्कश कोलाहल, म्हणा.

आता जरा आश्चर्याची गोष्ट. ॲब्सर्ड, म्हणजे अगदीच निरर्थक, याचा लॅटिनमधला मूळ अर्थ ‘बेसूर’ असा आहे. कागदपत्रांतल्या तफावतीसाठी वापरतात ती डिस्क्रेपन्सीसुद्धा मुळात ‘वेगळा आवाज करणे’ अशा अर्थाच्या क्रियापदातून आलेली. न जुळण्याची कल्पना माणसाला आधी कानातून सुचली असावी असं मला वाटतं. आपणही ‘विसंवादी’ आणि ‘बेताल’ म्हणतोच, आणि तेव्हा समोर कुणी गात-वाजवत असतंच असं नाही.

काळाच्या घरावर मी जास्त थांबणार आहे, कारण मराठवाड्यात राहणाऱ्याला याची उदाहरणं पावलोपावली सापडतात. शब्द आहे अनॅक्रनिझम. जोर ‘नॅ’वर द्यायचा. एखाद्या कथेत, नाटकात, चित्रात त्या काळी नसलेली वस्तू घुसली की तो अनॅक्रनिझम, आपल्या शास्त्रीय मराठीत कालविपर्यास. शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझरमध्ये घड्याळाचे टोले पडतात, आणि प्राचीन रोममध्ये टोले देणारं घड्याळ नव्हतं. हे उदाहरण इंग्रजीचे सगळे शिक्षक देतात. आपण आपलं घेऊ.

शाळेच्या स्नेहसंमेलनात देवगिरीच्या यादवांवर नाटक बसवलंय. रामचंद्र यादवाच्या मनगटावर घड्याळ राहून गेलं, तर तो अनॅक्रनिझम आहे हे मागच्या रांगेतल्या पोरालाही कळतं आणि तो ओरडतोही. पण पुढच्या प्रसंगात सैनिक कांबळं अंथरून जेवायला बसतात. ताटात ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. इथं कुणी हसत नाही, कारण हे जेवण आपल्याला युगानुयुगांचं वाटतं. भाकरी ठीक आहे, ज्वारी आपल्याकडं फार जुनी. मिरची मात्र अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडं आली, म्हणजे यादवांचं राज्य बुडाल्यानंतर दोनेकशे वर्षांनी. शेंगदाणाही अमेरिकेचाच. बटाट्याची भाजी वाढली असती तर तीही गेली. त्या सैनिकाच्या ताटातली भाकरी तेवढी राहते, ठेचा आणि चटणी उचलावी लागते.

भाषेतही हेच होतं, आणि ते पकडणं अवघड. अलाउद्दीन खलजी १२९६ साली चालून आला त्या प्रसंगात एखादं पात्र “दौलताबाद वाचवा” म्हणालं, तर संवाद लिहिणारा फसला. दौलताबाद हे नाव त्यानंतर तुघलकाच्या काळात, चौदाव्या शतकात पडलं. तोवर ती देवगिरीच. तसंच मलिक अंबर. त्यानं १६१० साली वसवलं ते खडकी. औरंगाबाद हे नाव औरंगजेब १६५३ मध्ये सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा दख्खनेत आल्यानंतरचं. ‘मलिक अंबर इन औरंगाबाद’ असं वर्णनात चालून जाईल, पण त्याच्याच तोंडी ते नाव घातलं की अनॅक्रनिझम झाला.

अनॅक्रनिझमचा एक सैल वापरही आहे : आजच्या काळात जुनाट वाटणारी पद्धत किंवा माणूस. हुंडा इज ॲन अनॅक्रनिझम असं निबंधात लिहिता येतं. मला विचाराल तर तिथं आउटडेटेड बरं. अनॅक्रनिझम म्हटलं की जणू काळाची चूक झाली असा सूर लागतो, आणि हुंडा ही काळाची चूक नाही, घेणाऱ्याची आहे.

पायरी चौथी : कागदावरची तफावत

नोकरीच्या, शिष्यवृत्तीच्या, पासपोर्टच्या कामात लागणारं हे घर. इथं इन्काँग्रुअस, डिस्कॉर्डंट, ऑड यातलं काहीही चालत नाही.

दोन कागदांवर एकच माहिती वेगळी असेल तर डिस्क्रेपन्सी. जोर ‘क्रे’वर. वाक्याचा साचा पाठ करून ठेवा : देअर इज अ डिस्क्रेपन्सी बिटवीन द डेट ऑफ बर्थ ऑन माय आधार कार्ड अँड द वन ऑन माय एसएससी सर्टिफिकेट. स्क्रीनवर किंवा पोर्टलवर त्यालाच मिसमॅच म्हणतात, नेम मिसमॅच, डीओबी मिसमॅच. अर्जात डिस्क्रेपन्सी जास्त शोभतो. चेक परत आल्यावर बँकेच्या मेमोवर ‘ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स’ असं कारण येतं. म्हणजे सहीसाठी डिफर हे साधं क्रियापद. ‘माय सिग्नेचर इज इन्कम्पॅटिबल’ म्हणालात तर मॅनेजर गोंधळेल.

आपल्याकडं नावांची भानगड मोठी आहे. एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर आडनाव आधी, तिसऱ्यावर ‘राव’ किंवा ‘बाई’ जोडलेलं. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये कुठं एक ‘ए’ जास्त, कुठं डबल ‘ई’. त्यात २०२३ पासून जिल्ह्यांची नावं बदललेली, म्हणून जुन्या टीसीवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद, नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव. यातला फरक नीट ओळखा. नावाच्या स्पेलिंगमधली तफावत ही डिस्क्रेपन्सी, कारण दोन्हीपैकी एक चूक आहे. जिल्ह्याचं नाव बदललं ती डिस्क्रेपन्सी नव्हे, दोन्ही आपापल्या तारखेला बरोबर आहेत. तिथं फॉर्मर्ली नोन ॲज असं लिहायचं. अर्जात उगाच स्वतःवर डिस्क्रेपन्सीचा ठपका ओढवून घेऊ नका.

जबाब, हिशोब, आकडे यांच्यासाठी इन्कन्सिस्टंट. काल एक, आज दुसरं. साक्षीदाराचे दोन जबाब परस्परांना छेदत असतील तर काँट्रडिक्टरी. इन्कन्सिस्टंटमध्ये फरक आहे, काँट्रडिक्टरीमध्ये एक खरं असेल तर दुसरं खोटंच असलं पाहिजे. चार्जर आणि फोन, सॉफ्टवेअर आणि जुना कॉम्प्युटर, रक्तगट आणि रक्तगट, नवरा आणि बायको : इन्कम्पॅटिबल. दोन्ही स्वतंत्रपणे उत्तम, एकत्र चालत नाहीत. मामांच्या पत्रिकेचा शब्द हाच.

आकडेवारीत एखादी नोंद बाकीच्यांत बसत नसेल तर ती अनॉमली. सरासरीपेक्षा पाऊस किती कमी-जास्त झाला हे हवामानशास्त्रात रेनफॉल अनॉमली म्हणून मोजतात, आणि मराठवाड्याचे दुष्काळ वाचताना हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाबद्दल इंग्रजीत वाचाल तिथंही त्याचा अर्थ कळेल. दख्खनचं पठार स्थिर मानलं जायचं, आणि भूकंप तिथं झाला. ‘विचित्र’ म्हणण्यापेक्षा अनॉमली म्हणणं नेमकं, कारण त्यात निरीक्षण आहे, शेरा नाही.

सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यांसाठी एक जास्तीचा शब्द. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ असो की केंद्राचे १९६४ चे नियम, कर्मचाऱ्याला न शोभणाऱ्या वागण्यासाठी अनबिकमिंग हा शब्द येतो. अनबिकमिंग ऑफ अ गव्हर्नमेंट सर्व्हंट. इथं ‘विथ’ नाही, ‘ऑफ’.

पायरी पाचवी : मग इन्काँग्रुअस कधी?

ज्या शब्दासाठी बहुतेकजण हा विषय उघडतात तो मुद्दाम इतका मागं ठेवला. नववीच्या भूमितीत एकरूप त्रिकोण केलेत ना? सेमी इंग्लिशची मुलं त्यांना काँग्रुअंट म्हणतात. एकावर एक ठेवले की तंतोतंत बसतात ते. तोच धातू इथं आहे, पुढं नकाराचा ‘इन’ लागलाय. एकावर एक ठेवून बसत नाही ते इन्काँग्रुअस. जोर ‘काँ’वर. नाम इन्काँग्रूइटी, तिथं जोर सरकून ‘ग्रू’वर जातो.

हा शब्द कधी वापरायचा? दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठीक आहेत, कुणाची चूक नाही, नियम मोडलेला नाही, पण एका चौकटीत दिसल्या की मेळ बसत नाही आणि बघणाऱ्याला थोडं नवल किंवा हसू येतं. फेटा, धोतर, वहाणा आणि कानात वायरलेस इअरबड घालून शेताच्या बांधावर बसलेले आजोबा : ॲन इन्काँग्रुअस साइट. यात टीका नाही. इन्काँग्रुअसला गेअरिश किंवा टॅकीसारखी खोच नसते, आणि हेच तो वापरण्याचं मुख्य कारण.

विनोद तर यावरच चालतो. कांट आणि शोपेनहाउअर या जर्मन तत्त्वज्ञांच्या नावावर विनोदाची एक उपपत्ती सांगतात, तिला इन्काँग्रूइटी थिअरी म्हणतात : अपेक्षा एक आणि समोर येतं भलतंच, म्हणून हसू येतं. पैठणच्या एकनाथांची भारुडं डोळ्यांपुढं आणा. विंचू चावल्याचा आकांत, नवऱ्याची तक्रार, जोशी, गोंधळी, आणि त्या सगळ्यातून अध्यात्म. ‘लॉफ्टी थॉट इन ॲन इन्काँग्रुअसली अर्दी व्हॉइस’ (विचार उंच, बोली मात्र अनपेक्षितपणे मातीतली) असं भारुडाबद्दल इंग्रजीत लिहिता येईल, आणि ते कौतुक ठरेल.

शेजारचा एक शब्द बाजूला काढून ठेवा : पॅरडॉक्स. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच मराठवाड्यात उसाचे फड उभे होते. बरेच विद्यार्थी इथं इन्काँग्रुअस लिहितात, काही ॲब्सर्ड लिहितात. मला दोन्ही पटत नाहीत. इन्काँग्रुअस फार हलका पडतो, चित्रातल्या चुकीसारखा. ॲब्सर्ड म्हटलं की शेतकऱ्याला वेडा ठरवल्यासारखं होतं. उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवून दिलेल्या किमान भावाचा, आधार आहे, कारखाना माल उचलतो. सोयाबीन-कापसाच्या भावाचं तसं नाही. वरून उलटं दिसतं पण आत कारण आहे, त्याला पॅरडॉक्स म्हणतात.

पायरी सहावी : माणसं आणि वाक्प्रचार

माणूस जिथं अवघडतो तिथं तो फील्स आउट ऑफ प्लेस. साधा, सगळीकडं चालणारा प्रयोग. फक्त तो क्रियापदानंतर येतो : ही लुक्ड आउट ऑफ प्लेस. मिसप्लेस्ड त्याचा भाऊ वाटतो, पण नाही. आय मिसप्लेस्ड माय हॉल तिकीट म्हणजे हॉल तिकीट कुठं ठेवलं ते आठवत नाही. आउट ऑफ ऑर्डर म्हणजे बंद पडलेलं, लिफ्टवर लटकवतात ते. आउट ऑफ कॅरेक्टर म्हणजे त्याच्या स्वभावात न बसणारं. शांत मास्तर एकदम ओरडले, दॅट वॉज आउट ऑफ कॅरेक्टर.

मिसफिट जपून. मुळात अंगाला नीट न बसणारा कपडा, आता गटात न बसणारा माणूस. स्वतःबद्दल म्हणालात तर चालतं, दुसऱ्याबद्दल म्हटलं तर लागतं.

फिश आउट ऑफ वॉटर हा वाक्प्रचार सोपा वाटतो आणि तिथंच फसायला होतं. आपल्या अभंगांतली पाण्यावेगळी मासोळी तळमळते, तिच्यात विरह आहे, जीव जातो आहे. इंग्रजीतला मासा नुसता बावरलेला असतो. परभणीजवळच्या गावातून निघालेला मुलगा पुण्याच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात गप्प बसून राहतो, ही फील्स लाइक अ फिश आउट ऑफ वॉटर. आईच्या आठवणीनं रडतो तेव्हा हा वाक्प्रचार नाही, तेव्हा ही इज होमसिक.

स्टिक आउट लाइक अ सोअर थंब म्हणजे वाईट अर्थानं उठून दिसणं. स्टँड आउट म्हणजे उठून दिसणं, बहुतेक वेळा चांगल्या अर्थानं. मुलाखतीत ‘व्हॉट मेक्स यू स्टँड आउट’ विचारतील तर तो प्रश्न आहे, टोमणा नाही. ऑड वन आउट तर शिष्यवृत्ती परीक्षेपासून ओळखीचा : गटात न बसणारा घटक ओळखा. पण ‘मला ऑड वाटलं’ या आपल्या रोजच्या वाक्याचं इंग्रजी बहुतेकदा आय फेल्ट ऑकवर्ड असं होतं. आय फेल्ट ऑड म्हटलं तर ऐकणारा तब्येतीची चौकशी करेल.

आणखी एक जोडी ध्यानात असू द्या : इनॅप्ट म्हणजे अप्रस्तुत, इनेप्ट म्हणजे अकुशल. साहेबांच्या भाषणातलं उदाहरण इनॅप्ट होतं म्हणायच्या ऐवजी इनेप्ट म्हणाल तर मामला बिघडेल. आपल्याकडंही विजोड म्हणजे न शोभणारी जोडी आणि बेजोड म्हणजे जिला जोड नाही अशी उत्तम गोष्ट. लग्नाच्या मांडवात ही दोन अक्षरं उलटी पडू नयेत.

सौम्यपणासाठी साधी युक्ती. दुसऱ्याच्या घराचा रंग, साडी, आमंत्रणपत्रिका यावर मत द्यायचं असेल तर विशेषण वस्तूला न लावता प्रसंगाला लावा. इट्स गॉडी असं तोंडावर म्हणू नये. इट्स अ बिट लाउड फॉर अ प्रेयर मीटिंग म्हटलं की दोष प्रसंगाच्या निवडीवर जातो, आवडीवर नाही.

सराव

दिवसभरात खटकलेली एक गोष्ट घ्या. ती आधी मराठीत क्रियापदानं सांगा, मग जोडी लिहा, मग घर ठरवा, शेवटी इंग्रजी शब्द. क्रम उलटा करू नका. शब्दकोश बघायचा तर शिकणाऱ्यांसाठीचा बघा, ज्यात शब्दापुढं उदाहरणवाक्य असतं. नुसता अर्थ देणारा या कामाला निरुपयोगी आहे. अर्थ वाचून झाल्यावर वाक्यात शब्दानंतर कोणता लहान शब्द आलाय, विथ की टू की बिटवीन, तेवढा टिपून ठेवा.

काही प्रसंग देतो, आधी स्वतः करून बघा. चुलतभावाच्या हळदीच्या दिवशीच तलाठी भरतीची परीक्षा आहे. रेशनकार्डावर आईचं वय आधारपेक्षा सहा वर्षांनी जास्त आहे. ताटात पुरणपोळीबरोबर नूडल्स वाढल्या आहेत. १८५७ च्या उठावावरच्या मालिकेत शिपायाच्या हातात प्लास्टिकची बाटली आहे. दौलताबादच्या किल्ल्याचा फोटो काढताना मागं मोबाइलचा टॉवर येतो.

पहिल्याला क्लॅश. दुसऱ्याला डिस्क्रेपन्सी, आणि ‘बिटवीन’ विसरू नका. तिसऱ्याला डोन्ट गो टुगेदर एवढं पुरे. निबंध लिहीत असाल तर ॲन इन्काँग्रुअस पेअरिंग. चौथा अनॅक्रनिझम. पाचव्याला बरीच मुलं अनॅक्रनिझम लिहितात, पण फोटो आजचा आहे आणि आज किल्लाही आहे, टॉवरही आहे, तेव्हा काळाची काही चूक नाही. टॉवरचा राग आला असेल तर आयसोअर. राग आला नसेल, नुसतं नवल वाटलं असेल, तर द टॉवर लुक्स इन्काँग्रुअस बिहाइंड द फोर्ट. फोटो पाठवणाऱ्याला मात्र एवढंच लिहा : मूव्ह अ लिटल टू द लेफ्ट.